क्रूझ लागत नाही

"आधी गाडीला तिची चाल धरू दे, मग बटण दाब. आणि एकदा दाबलंस की पाय काढून घे. उगाच लुडबूड करायची नाही. तिचं तिला कळतं."

नवऱ्याचं हे सांगणं धाकटीला शब्दन्‌शब्द पाठ होतं. त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती, पण आवाज कानात तसाच होता, जरासा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. हायवेला लागल्यावर तिने त्याने सांगितलं तसंच केलं. गाडीला चाल धरू दिली. मग अंगठ्याने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. समोर काट्यांच्या मधोमध क्रूझचं, म्हणजे पाय न लावता गाडी एकाच वेगाने नेणाऱ्या सोयीचं, चिन्ह पांढरं उजळलं होतं, ते आता हिरवं व्हायला हवं होतं. झालं नाही. तिने पाय काढून पाहिला, तर गाडी मंदावली आणि मागच्या ट्रकने असा भोंगा वाजवला की तिने पाय घाईने परत पेडलवर नेला. पुन्हा वेग, पुन्हा बटण. दिवा पांढरा तो पांढराच.

मग उजवा गुडघा बोलायला लागला. त्याचं असं होतं की गावातल्या रस्त्यावर तो काही म्हणत नसे. थांबायचं, निघायचं, पाय हलता राहायचा. पण पेडलवर एकाच कोनात पाय धरून ठेवला, की थोड्या वेळाने गुडघा आतून धरायचा, आणि मग ब्रेकवर पाय न्यायलाही जड जायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लांबचा पल्ला नको. "क्रूझ आहे हो माझ्या गाडीत," ती म्हणाली होती. "मग हरकत नाही," डॉक्टर म्हणाले होते.

आणि आता क्रूझच लागत नव्हतं. पहिल्या पेट्रोल पंपापाशी तिने गाडी बाजूला घेतली, गुडघा चोळला, डोळे मिटून दोन मिनिटं देवाचं नाव घेतलं आणि गाडी घराकडे वळवली. मागच्या सीटवर ताईसाठी भरून घेतलेली पिशवी होती. तिच्याकडे तिने पाहिलं नाही.

तिला धाकटी म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ताई. बाकी ती कुणाची आई होती, कुणाची काकू, बँकेत नुसतं आडनाव. साठी ओलांडलेल्या बाईला धाकटी म्हणून हाक मारणारं कुणी असणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. ती रोज सकाळी देवापुढे बसायची आणि उठली की ताईला फोन करायची. फोन झाल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. कुणी घालून दिलेला नव्हता. नवरा गेल्यानंतर ताई येऊन राहिली होती, ती परत गेली त्या दिवशी हिने मनाशी धरला आणि मग मोडला नाही.

"मी एक दिवस फोन उचलला नाही, तर तू उपाशी मरशील आणि पाप माझ्या डोक्यावर," ताई म्हणायची.

"उचल मग."

"उचलतेच आहे. तुझ्या जेवणाची काळजी माझ्या गळ्यात बांधून मोकळी झालीस. लहानपणीही असंच. खाऊ तुझा, सांभाळायचा मी."

ताईला काचबिंदू झाला होता. उशिरा कळला. औषधाचे थेंब चालू होते, पण गेलेलं परत येणार नव्हतं, आणि उरलेलंही कडेकडेने मिटत चाललं होतं. "नळीतून बघतेय गं," असं ती सांगायची, बाजारातला भाव सांगावा तशी. "भिंतीवरचं घड्याळ एकदम दिसत नाही. आधी काटा शोधायचा, मग आकडा शोधायचा. तोवर वेळ पुढे गेलेली."

ती राहायला आली होती तेव्हाची एक दुपार. दोघी जणी वाळलेले कपडे घड्या घालत बसल्या होत्या. नवऱ्याचा एक शर्ट मधेच हातात आला आणि धाकटीने तो घडी न घालता मांडीवर ठेवला. मग ताईच एकदम म्हणाली, "डोळे आहेत तोवर एकदा धरणाची भिंत बघायची आहे."

त्यांचे वडील धरणावर दरवाजे चालवायचे. भिंतीच्या खालच्या अंगाला कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या खोलीत दोघी वाढल्या. पाणी सोडायच्या आधी भोंगा व्हायचा, आणि भोंगा झाला की दोघी वर पळायच्या. ताई पुढे, धाकटी मागे, एक हात कठड्यावरून घासत नेत. आता दरवाजे कुठूनतरी लांबून बटणावर चालत होते. वसाहत उठली होती, तिकडे जाणारी बस कधीच बंद झाली होती. ताईचा मुलगा चांगला होता, पण त्याला हे कळत नव्हतं. "तिथे आता काय आहे बघण्यासारखं?" तो म्हणायचा. आणि त्याचंही चूक नव्हतं.

"मी नेईन तुला," धाकटी त्या दुपारी म्हणाली होती.

"तू? तू भाजी आणायला गाडी काढतेस तर गल्ली रिकामी होते."

"मी नेईन म्हटलं ना. आपण दोघीच."

हे "दोघीच" महत्त्वाचं होतं. धाकटीची लेक फोनवरून सारखं सांगायची, "आई, ड्रायव्हर घे ना, एवढा कसला हट्ट?" पण परका माणूस गाडीत असला की ताई तोंड उघडत नसे. सगळा प्रवास खिडकीला डोकं टेकून जायचा. आणि धाकटीला तिचं बोलणं हवं होतं. भिंत बघायची होती ती ताईला. धाकटीला ताईला बघताना बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी गॅरेजमध्ये नेली.

गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम बघणारा माणूस होता, त्याला सगळे मीटरशेठ म्हणायचे. शेठपणा काही नव्हता, पण तारा तपासायचा मीटर गळ्यात अडकवलेला असायचा आणि तोच जागेवर नाही म्हणून तो दिवसभर शोधत फिरायचा. पोट जरा सुटलेलं, कानामागे पेन्सिल, आणि जिभेला विश्रांती म्हणून नाही.

"बोला काकू. काय म्हणते गाडी?"

"क्रूझ लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? दिवाच येत नाही, की येतो आणि धरत नाही?"

"पांढरा येतो. हिरवा होत नाही."

"हां," मीटरशेठ म्हणाला आणि त्याचा चेहरा खुलला, जसा एखाद्याचा आवडीची गोष्ट निघाल्यावर खुलतो. "म्हणजे बटण ठीक आहे. गाडीला कळतंय तुम्हाला काय पाहिजे ते. पण ती नाही म्हणतेय. काकू, क्रूझचं कसं असतं सांगू? लग्नाच्या बैठकीसारखं. सगळ्यांनी हो म्हणायला लागतं. ब्रेकने हो म्हटलं पाहिजे, क्लचने हो म्हटलं पाहिजे, चाकांनी वेग सांगितला पाहिजे. एका मामाने कोपऱ्यातून नुसती मान हलवली की बैठक मोडली."

"मग आमच्याकडे मामा कोण आहे?"

"तेच शोधायचं."

त्याने आधी फ्यूज पाहिले. मग तिला ब्रेक दाबायला सांगून तो मागे गेला आणि मागचे लाल दिवे लागतात का ते बघून आला. मग पेडलखाली डोकं घालून असा आडवा झाला की त्याचे फक्त पाय बाहेर राहिले. तिथूनच त्याचं बोलणं चालू होतं. ब्रेकच्या पेडलला छोटा स्विच असतो. पाय टेकला की तो मागचे दिवे लावतो आणि त्याच वेळी क्रूझला सांगतो, सोड. हा स्विच म्हातारा झाला की त्याला पाय नसतानाही पाय आहे असं वाटत राहतं.

"तसं होतं?" धाकटीने विचारलं.

"होतं ना. स्विचलाही भास होतात."

 तिच्याकडून सकाळी चहा करताना अजूनही दोन कप काढले जात.

मीटरशेठने स्विच बदलला, स्वतः गाडी घेऊन हायवेला चक्कर मारून आला आणि उतरताना हात झटकले. "झालं काकू. लागलं की लगेच. मखमल."

त्या सकाळच्या फोनवर तिने ताईला सांगितलं होतं की एक-दोन दिवसांत निघते. दुसऱ्या दिवशी पक्कं करण्यासाठी ती एकटी हायवेला गेली. गाडीला चाल धरू दिली. बटण दाबलं.

पांढरा.

मीटरशेठने गाडी परत आलेली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "असं कसं? माझ्या हातात चालली की."

"माझ्या हातात नाही चालत."

"तुमच्यावर रुसलीय मग."

तो हे थट्टेने म्हणाला, पण धाकटीच्या ते जिव्हारी लागलं. गाडी नवऱ्याची होती. जुनीच घेतली होती त्याने, पण घेतली ती याच एका बटणासाठी. तो मुळात अबोल माणूस. गावातल्या गर्दीत गाडी चालवताना तर तोंडातून अक्षर निघत नसे, जबडा आवळलेला, नजर समोर. पण हायवेला लागून हिरवा दिवा लागला, पायाचं काम सुटलं, की त्याला कंठ फुटायचा. "आता मी पाहुणा," म्हणायचा आणि सीटवर जरा सैल बसायचा. मग कुठल्या कुठल्या गोष्टी निघायच्या. लहानपणी पळून जायचा बेत केला होता ती. तो नोकरीला होता त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेबाच्या टेबलाखाली मांजर व्यायली होती ती. एकदा, ऊन कलत असताना, समोर बघतच म्हणाला होता, "तुला पहिल्यांदा बघायला आलो तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंच नाही. भीती वाटली. सगळा वेळ तुझ्या ताईकडे बघून बोललो." चाळीस वर्षांनी हे सांगत होता. घरात कधी सांगितलं नसतं. ती त्याचं बोलणं मोडू नये म्हणून पाणीसुद्धा मागत नसे.

तिला क्रूझ गुडघ्यासाठी हवं होतं, हे खरं. पण तो हिरवा दिवा पुन्हा एकदा लागलेला पाहायचा होता, हेही खरं. आणि हे तिने देवाखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणूनच की काय, त्याच्या सीटवर बसताना ती चपला काढायची. तो असताना ती ही गाडी चालवायची तेव्हा नाही. तो गेल्यावर पहिल्यांदा चावी फिरवली त्या दिवसापासून. चपला घालून तिथे बसणं तिला बरं वाटेना. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, पेडल नीट कळतं अनवाणी पायाला.

मीटरशेठने या वेळी स्टिअरिंग उघडलं. बटणाची तार स्टिअरिंगबरोबर गोल फिरते, ती आत गुंडाळीसारखी असते, कधीकधी वळताना तिच्यात खंड पडतो. अर्धा दिवस तो तिच्यातच होता. गुंडाळी चांगली निघाली. तरी त्याने सगळं पुसून, पुन्हा बसवून दिलं आणि म्हणाला, "चला काकू, या वेळी तुम्ही शेजारी बसा. डोळ्यांनी बघा. नंतर मला बोल नको."

ती चपला हातात घेऊन उतरली, दुसऱ्या बाजूने फिरून आली, चपला घातल्या आणि शेजारच्या सीटवर बसली. या सीटवर ती किती दिवसांत बसली नव्हती. तिचा हात आपोआप दाराच्या खाचेत गेला, जिथे तो नेहमी जायचा. मीटरशेठ बोलत बोलत हायवेला लागला. वेग घेतला. अंगठा हलला.

दिवा हिरवा झाला.

इंजिनाचा आवाज एकदम एकसारखा झाला, जसं रडून थकलेलं मूल झोपेत श्वास घ्यायला लागतं. मीटरशेठने दोन्ही पाय मागे घेतले. गाडी आपली आपण चालली होती. धाकटी समोरच्या रस्त्याकडे बघत बसली, आणि तिच्या लक्षात आलं की ती वाट बघतेय. कान टवकारून, पाण्याची बाटलीही न उघडता, ती वाट बघत होती की आता तो म्हणेल, आता मी पाहुणा.

"बघितलंत?" मीटरशेठ म्हणाला. "काकू? अहो, काय झालं? लागलं ना आता."

"लागलं," ती पदराने डोळे टिपत म्हणाली. "दादा, थोडं पुढे जाऊ या का? पुढच्या वळणापर्यंत."

"जाऊ की."

आणि तो माणूस, ज्याच्या जिभेला विश्रांती नव्हती, पुढच्या वळणापर्यंत एक शब्द बोलला नाही.

परत येऊन तिने गाडी ताब्यात घेतली. निघताना सरळ घरी न जाता हायवेवरून वळसा घालून गेली. बटण दाबलं. पांढरा.

त्या रात्री ती नीट जेवली नाही. सकाळच्या फोनवर ताईला मात्र म्हणाली, "एक बारीकसं काम राहिलंय गाडीचं. झालं की आलेच."

"सावकाश ये," ताई म्हणाली. "गडबड कसली?"

गडबड नाही हे ताईने इतक्या लगेच म्हणावं, हे धाकटीला खटकलं. पण तिने मनातलं मनात ठेवलं.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मीटरशेठ हसला नाही. हात टेकल्यासारखा तो स्टुलावर बसला, पेन्सिलीने कान खाजवला आणि म्हणाला, "मी चालवतो तेव्हा लागतं. तुम्ही चालवता तेव्हा नाही. मग मी कशाला चालवतोय सारखा? गाढवपणा आहे माझा. बसा तुम्ही तुमच्या जागेवर."

त्याने डॅशबोर्डखाली एक वायर खोचली, तिच्या टोकाला छोटा स्क्रीन होता. स्क्रीन मांडीवर घेऊन तो शेजारी बसला. धाकटीने नेहमीसारख्या चपला काढून आत ठेवल्या, मनात नाव घेतलं आणि गाडी काढली. हायवेला लागल्यावर तो एकेक वाचू लागला, जशी हजेरी घ्यावी.

"वेग ठीक. ब्रेक दाबलेला नाही. ठीक. आता दाबा बटण."

तिने दाबलं. पांढरा.

"क्लच सोडा काकू."

"सोडलाय."

"नाही सोडलेला."

"अहो सोडलाय दादा, गिअर घालून किती वेळ झाला."

"हे बघा, इथे लिहिलंय, क्लच दाबलेला. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"आणि मी कशाला बोलेन?"

"गाडी बाजूला घ्या," मीटरशेठ म्हणाला. तिने घेतली. तो वाकला, तिच्या पायांकडे बघितलं आणि मग बराच वेळ वाकूनच राहिला. शेवटी म्हणाला, "काकू, या चपला इथे कुणी ठेवल्या?"

क्लचच्या डाव्या बाजूला तिरपी उंचवट्याची जागा असते. काम नसताना डावा पाय तिथे टेकायचा. तिच्या चपला त्या जागेवर नीट जोडीने ठेवलेल्या होत्या, एकमेकींना लागून, देवळाबाहेर ठेवतात तशा. पायाला दुसरी जागाच नव्हती म्हणून तो क्लचवर विसावला होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. पण गाडीला तेवढं पुरत होतं.

"मी चालवायला बसलो की तुम्ही चपला घेऊन उतरायचात," मीटरशेठ सावकाश म्हणाला. "हा निघाला आपला मामा." मग त्याला हसू यायला लागलं, आणि ते दाबता दाबता तो चिडलाही. "पण काकू, चपला अशा पायाशी सुट्या? एक घसरून ब्रेकखाली गेली असती म्हणजे? क्लचही झिजवलात फुकटचा. घालून का नाही बसत?"

 धाकटीने वाकून चपला उचलल्या आणि मांडीवर धरल्या.

त्याने तिच्याकडे पाहिलं. गाडीच्या आरशाला लटकवलेला जुना चष्मा पाहिला, पुरुषाचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "घालू नका. तुमची मर्जी. पण मागे डिकीत ठेवायच्या, पिशवीत. पायाशी नाही. शपथ घ्या."

"शपथ नाही घेत मी. ठेवीन म्हणते ना."

"बरं. आणि डावा पाय तिकडे टेकायचा. लक्ष ठेवून. सवय लवकर जात नाही."

त्याने चपला नेऊन डिकीत ठेवल्या. तिने गाडी काढली, गिअर बदलला आणि डावा पाय पलीकडे नेला. जागा परकी वाटली. आधी गाडीला चाल धरू दिली. मग अंगठा.

दिवा हिरवा झाला.

या वेळी ती रडली नाही. उजवा पाय काढून घेतला तेव्हा गुडघ्यातून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं. मीटरशेठने मांडीवरचा स्क्रीन बंद केला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने धाकटीला एक आवाज ऐकू आला आणि तो आपलाच आहे हे तिला मग कळलं. ती बोलत होती. धरणाबद्दल सांगत होती, भोंगा कसा व्हायचा, ताई कशी पुढे पळायची, एकदा कठड्यावर पाल होती आणि हिचा हात तिच्यावर पडला तेव्हा ताई खाली कामगारांना ऐकू जाईल इतकी मोठ्याने हसली होती. मीटरशेठ हं, हं करत होता. गॅरेज आल्यावर तिला इतकी लाज वाटली की आभार मानायचेही राहिले.

घरी आली तेव्हा दुपार होती, ऊन अंगणात पसरलेलं. सकाळचा फोन झाला होता, पण तिला राहवलं नाही. तिने पुन्हा लावला.

"ताई, गाडी झाली. खरंच झाली. उद्या निघते."

पलीकडून ताई म्हणाली, "बरं झालं. आता आवर तुझं. देवाजवळ दिवा लावलास का? तिन्हीसांज झाली असेल ना?"

धाकटीने दारातून बाहेर पाहिलं. उन्हाने अंगण पांढरं झालं होतं. ताईचं घर कितीही लांब असलं, तरी दुपार तिकडेही दुपारच होती.

"ताई," ती म्हणाली. "तुझ्याकडे दिवे लागलेत?"

पलीकडून भांड्याचा आवाज आला. मागे कुणीतरी, बहुतेक सून, काहीतरी विचारत होती.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"चार-पाच दिवस झाले," ताई म्हणाली. बाजारभावाचा तो आवाज नव्हता हा. "उजवा आधीच गेला होता. डाव्यात नळी होती तीही मिटली. उजेड अंधार एवढं कळतं, कधी तेही नाही. दुपारी झोपले, उठले की वेळ सुटते हातातून. तुला सांगणार होते. तू गाडीच्या मागे लागलेलीस, म्हटलं तिचा हिरमोड कशाला करा."

"अगं, पण..."

"आता येऊ नकोस एवढ्या लांब. गुडघा दुखवून घेशील. आंधळीला भिंत काय आणि कोनाडा काय. राहिलं ते राहिलं."

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. तिला स्विच आठवला, मग गुंडाळी, मग दोन चकरा ज्यात ती एकटी जाऊन परत आली होती. यातला एक दिवस जरी वाचला असता. पण ते हिशेब तिने तिथेच थांबवले. ताई फोन ठेवायच्या बेतात होती.

"तू पुढे असायचीस," धाकटी म्हणाली.

"काय?"

"भिंतीवर. तू पुढे, मी मागे. मला तुझी पाठच दिसायची आणि वेणी. मी धरण कुठे बघितलंय? सगळं तूच बघितलंस. मला आठवत नाही काही, आणि तुला दिसत नाही. मग तू सांग कुठे काय होतं, मी सांगते आता काय आहे ते."

"आणि काहीच नसलं तर?"

"तर तसं सांगीन. खोटं नाही सांगणार."

"तुला खोटं सांगता येतच नाही. लहानपणीही लगेच पकडली जायचीस, आणि माझं नाव सांगायचीस."

"तूच करायला लावलेलं असायचं."

ताई हसली. ते हसू मधेच अडलं, आणि मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला.  फोनची दोन्ही टोकं तशीच धरून दोघी बसून राहिल्या.

"कठडा तरी तोच असेल का गं?" ताईने विचारलं.

"कळेल."

"पाणी किती भरलंय त्यावर आहे. भरलेलं असलं की वारा ओला लागतो तोंडाला. ते काही बघावं लागत नाही."

"नाही लागत."

"उद्याचा फोन किती वाजता करशील?"

"उद्या फोन नाही. उद्या येतेय."

सकाळी धाकटीने नेहमीचं सगळं केलं, फक्त कशातही घाई केली नाही. देवापुढे बसली, तिथे काही मागितलं नाही. खिडक्या लावल्या, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं. लेकीला निरोप लिहिला की निघाले, थांबत थांबत जाईन, फोन उचलला नाही तर समज मी गाडीत आहे. शेजारणीकडे किल्ली दिली. शेजारीण म्हणाली, "कुठे निघालात सकाळी सकाळी?" तर म्हणाली, "ताईकडे. तिला जरा बाहेर न्यायचंय."

पिशवी मागच्या सीटवर ठेवली. शेजारच्या सीटवर पडलेला स्कार्फ आणि जुनी वर्तमानपत्रं उचलून ती जागा रिकामी केली, हाताने झटकली, आणि सीट मागे सरकवली. ताई उंच होती, तिला पाय लांब करायला लागत. मग गाडीतून बाहेर येऊन तिने फाटक उघडलं, गाडी सावकाश रस्त्यावर काढली, पुन्हा उतरून फाटक लावलं. गल्लीच्या तोंडाशी एक दूधवाला सायकल ढकलत चालला होता. त्याला आधी जाऊ दिलं, आणि मग ती हायवेच्या दिशेने वळली.